वाशीमहून आणलेली चाल

हिंगोलीच्या दसऱ्याच्या जत्रेत सिनेमाचा तंबू यायचा. त्या तंबूच्या गोष्टी मी घरात इतक्या वेळा सांगितल्या आहेत की मी कुठे हसणार हे नातवंडांना आधीच ठाऊक असतं. पण दर वेळी मी एका जागी येऊन थांबतो. कुणीतरी विचारतं, तो पेटी वाजवणारा तुमचा मित्र, त्याचा हात कसा मोडला? मी म्हणतो, त्या धामधुमीच्या वर्षात खाकीवाल्यांनी मोडला. हे खोटं नाही. एवढं म्हटलं की ऐकणारे गप्प होतात आणि माझी सुटका होते. अशी सुटका मी आयुष्यभर करून घेत आलो. त्या गोष्टीतलं आता माझ्याखेरीज कुणी राहिलेलं नाही, आणि मीही फार दिवस राहीन असं वाटत नाही. म्हणून पुढचं लिहितो.

आम्ही तिघे मित्र होतो. मी कापडाच्या दुकानात गुमास्ता. दुसरा दर्जी, त्याचं घर मशिदीच्या गल्लीत, घरात उर्दू बोलायचे, दुकानात मराठी. त्याच्या दुकानाचा ओटा हीच आमची बसायची जागा. तिसरा पेटीवाला. लोक हार्मोनियम म्हणतात, आमच्याकडे पेटीच. सिनेमे मुके होते तेव्हा तो तंबूत पडद्याच्या बाजूला बसून पेटी वाजवायचा. घोडे धावले की हात धावायचा, कुणी मेलं की संथ व्हायचा. बक्षिसाच्या आशेनं आलेला एक तबलजी त्याच्या शेजारी असायचा आणि पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक मास्तर.

तंबूत दोन बाजूंनी माणसं बसत. पुढं बसायला पैसे जास्त, पडद्याच्या मागं कमी. कापडी पडद्यावर पाणी मारायचे, म्हणजे चित्र मागूनही उमटायचं, फक्त उलटं. मी आणि दर्जी कायम मागं. एकदा आम्ही दोघं दिवसभर एका नटाचं कौतुक करत होतो की गडी डावखुरा असूनही काय तलवार चालवतो. पेटीवाल्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "लेकहो, तुमी सिनेमाची पाठ बघून राहिलात." दर्ज्याला ते पटलंच नाही. तो म्हणे, मागून बघितला तरी माणूस डाव्या हातानं जेवंल का?

बोलपट आले तेव्हा तंबूवाल्याला पेटीची गरज उरली नाही. पेटीवाला त्या जत्रेला फिरकलाही नाही. पुढं त्यानं भजनी मंडळं धरली. सेनगावाकडे, डोंगरकड्याकडे, जिथं सप्ताह असेल तिथं पेटी डोक्यावर घेऊन चालत जायचा, गावातल्या पोरांना गायला बसवायचा. आणि तिथं त्यानं एक गोष्ट सुरू केली जी नंतर सगळ्यांनीच केली: जुना अभंग घ्यायचा आणि सिनेमाच्या चालीवर बसवायचा. म्हातारी माणसं कुरकुरली. मग तीच म्हातारी माणसं तो अभंग पुन्हा म्हणायला लावू लागली.

त्या चाली त्याला मी आणून द्यायचो. मला वाजवता येत नव्हतं, आवाजही बरा नव्हता, पण एकदा ऐकलेली चाल माझ्या डोक्यातून जात नसे. दुकानाच्या मालासाठी मी परभणीला, नांदेडला जायचो, बहीण वाशीमला दिली होती म्हणून तिकडेही. जिथं सिनेमा असेल तिथं बघायचो आणि परत आलो की त्याच्या ओसरीवर बसून गुणगुणायचो. तो डोळे मिटून पेटीवर बोटं फिरवायचा. मी कुठं चुकलो तर थांबायचा. "इथं तू खोटा हायेस," म्हणायचा, "चाल अशी जानारच न्हाई." पुढं कधी ते गाणं पुन्हा ऐकायला मिळालं तर त्याचंच बरोबर निघायचं.

ओट्यावर आमची मतं कधी जुळली नाहीत. मी सिनेमाच्या बाजूचा. सिनेमातलं गाणं कधी बिघडत नाही, रोज तेवढंच गोड. दर्जी कव्वालीवेडा. त्याचं म्हणणं, समोर बसलेल्या गवयाला घाम फुटला नाही तर ते गाणं कसलं. पेटीवाल्याला दोन्ही चालायचं, पण सिनेमाच्या गाण्यावर त्याचा भरवसा नव्हता. जे कधी चुकत नाही ते आपल्याकडे बघत नाही, असं काहीतरी तो म्हणायचा. दर्जी म्हणायचा, मग तुझ्या बायकोवर तुझा लई भरवसा असंल. अशी आमची चर्चा.

देश स्वतंत्र झाला आणि आमचं संस्थान बाहेर राहिलं, तेव्हापासून ओट्यावरचं बोलणं खालच्या आवाजात होऊ लागलं. वाशीम तिकडे स्वतंत्र मुलखात, आम्ही इकडे. मध्ये कन्हेरगावचा नाका. तिकडे हद्दीपलीकडे संस्थानाविरुद्ध लढणाऱ्यांच्या छावण्या होत्या, असं सगळे म्हणत आणि म्हणून झालं की मागं बघत. इकडे संस्थानाच्या बाजूची, खाकी कपड्यातली माणसं दिवसेंदिवस वाढत गेली. त्यांची मोटार आली की पेठेतल्या दुकानांच्या फळ्या पडायच्या. आज अमक्या गावाला आग लावली, काल तमक्याला नेलं, अशा बातम्या भाजीबरोबर घरी यायच्या. ज्यांना जमलं त्यांनी बायका-पोरं हद्दीपार नातेवाइकांकडे पाठवली. माझी आई रात्री झोपताना लुगड्याच्या घड्या उशाशी बांधून ठेवायची, पळावं लागलं तर म्हणून.

आणि या खाकीवाल्यांचे कपडे शिवायला आमचा दर्जी. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. कापडाचे गठ्ठे आणून टाकायचे आणि म्हणायचे, इतक्या चड्ड्या, इतके सदरे. ओट्यावर बसायचं तर आम्हाला खाकी चिंध्या झाडून बसावं लागे. माप द्यायला ती माणसं आली की आम्ही सिनेमावर बोलायचो. त्यात काही धोका नाही असं आम्हाला वाटायचं.

त्यांचा पेठेतला म्होरक्या आमच्या ओळखीचा होता. लहानपणी तंबूत पडद्यामागं आमच्याच ओळीत बसलेला. कव्वालीचा कान असलेला माणूस. दर्ज्याशी त्याचं त्यावरून जमायचं. आता तो आला की दर्जी उभा राहायचा आणि आम्हीही. तो बसा म्हणायचा. आम्ही बसायचो, पण टेकायचो नाही.

त्या उन्हाळ्यात बहीण बाळंत झाली. आई म्हणाली, कुणीतरी गेलंच पाहिजे. मी नाक्यापर्यंत मोटारीनं गेलो, पुढं चालत, मग तिकडची मोटार. वाशीमला दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं सिनेमाला नेलं. त्या सिनेमाच्या शेवटी एक गाणं होतं. पोरं, बाया, म्हातारे एका रांगेत चालतात आणि गातात, स्वतंत्र झालेल्या देशाचं गाणं. थेटरातली सगळी माणसं उभी राहिली. मीही उभा राहिलो. माझ्या दोन्ही बाजूंची माणसं मोठ्यानं गात होती आणि कुणी मागं वळून बघत नव्हतं. ते बघून मला रडू आलं. इतका मोकळा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

परत येताना नाक्यावर झडती झाली. बहिणीच्या सासूनं आईसाठी डिंकाचे लाडू दिले होते. एकानं ते एकेक फोडून बघितले, आत काही आहे का म्हणून. एक तुकडा तोंडात टाकून त्यानं विचारलं, वाशीमला काय काम होतं. मी म्हटलं, बहीण बाळंत झाली. काय झालं? मुलगी. तो हसला. माझं नाव कुणी विचारलं नाही. पण मी घामानं भिजून गेलो होतो, कारण ती चाल माझ्या डोक्यात एकसारखी चालू होती आणि मला भीती वाटत होती की ओठ हलतील. पिशवी उचलून बरंच पुढं आल्यावरही मी दातांवर दात घट्ट धरून चालत होतो.

घरी आलो तसा त्याच संध्याकाळी पेटीवाल्याकडे गेलो. खरं तर जायला नको होतं. पण ती चाल त्याच्या बोटांतून ऐकल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. दार लावून घेतलं आणि हळू आवाजात गुणगुणलो. त्यानं ती पेटीवर धरली, दोन ठिकाणी मला खोटं ठरवलं, आणि मग पुन्हा पुन्हा वाजवत राहिला. चांगली चाल होती. सरळ, पायाला लागणारी.

त्यानं विचारलं, "शब्द काय हायेत रे?"

मी म्हणालो, "काय न्हाई, प्रेमाचंच गाणं हाये."

हे मी का म्हणालो ते तेव्हाही मला माहीत होतं. खरं सांगितलं असतं तर त्यानं पेटी मिटली असती. तो माझ्यापेक्षा सावध होता. त्याच्या घरात लहान लेकरं होती. आणि मला तर ती चाल हिंगोलीत ऐकायची होती, भर बाजारात, सगळ्यांच्या तोंडून, आणि तिचं खरं नाव फक्त मला ठाऊक असावं असं वाटत होतं. यात देशभक्ती किती होती आणि मिरवणं किती होतं, हे मी आजवर वेगळं करू शकलो नाही.

त्यानं एक अभंग त्या चालीवर बसवला. मारुतीच्या देवळात एकादशीला पहिल्यांदा म्हटला. पोरांनी टाळ धरले आणि आपोआप पाय आपटायला लागले. मी खांबाला टेकून उभा होतो. पहिल्यांदा मला वाशीमच्या थेटरात आलं तसं भरून आलं. मग तिसऱ्या कडव्याला देवळाच्या दारातून दोन खाकीवाले आत डोकावले, आणि मी खांबाआड सरकलो. ते थोडा वेळ ऐकत उभे राहिले, प्रसाद घेतला आणि गेले.

मग ती चाल गावभर झाली. हमाल पोती वाहताना म्हणायचे, बाया दळताना. सेनगावाकडून भजनाला बोलावणं आलं, डोंगरकड्याहून आलं. पेटीवाला खूश होता. तंबूतली पेटी बंद पडल्यापासून त्याला इतकं कुणी विचारलं नव्हतं. मी मात्र दुकानात बसल्या बसल्या दचकायला लागलो. रस्त्यावरून कुणी ती चाल शीळेवर घालत गेलं की माझ्या हातातला कापड मोजायचा गज थांबायचा. किती वेळा मनात आलं, जाऊन त्याला सांगावं की ही म्हणू नकोस. पण सांगायचं तर काहून म्हणू नको हेही सांगावं लागलं असतं. आज सांगू, उद्या सांगू असं करत मी थांबलो.

त्या दिवशी दुपारी मी दर्ज्याच्या दुकानात होतो. म्होरक्या शिवायला टाकलेला कोट अंगावर घालून बघायला आला होता. त्याच्याबरोबर एक परका पोरगा, तोही खाकीत. दर्जी तोंडात टाचण्या धरून त्याच्या खांद्यावर खडूनं रेघा मारत होता. म्होरक्या खुशीत होता. म्हणाला, तुमच्या पेटीवाल्यानं ही नवी चाल झकास काढली, मला तर झोपेतही ऐकू येते. मग वाद निघाला, भजन श्रेष्ठ की कव्वाली. मीही दोन शब्द बोललो. त्याचं ऐकून घेतलं, हसलो. मनात वाटलं, चला, आजचा दिवस निघाला.

म्होरक्या ती चाल गुणगुणू लागला. त्याचा सूर चांगला होता. बरोबरचा पोरगा तोवर भिंतीला टेकून उभा होता, तो एकदम सरळ झाला. तो अकोल्याला शिकायला होता, नुकताच परतलेला. त्यानं म्होरक्याच्या कानाला लागून काही सांगितलं, आणि मग मोठ्यानं त्या गाण्याची पहिली ओळ म्हणून दाखवली. शब्दांसकट. अभंगाचे नव्हे, सिनेमातले शब्द. तो सिनेमा हद्दीपलीकडे वाशीमला लागला होता, असंही म्हणाला.

दर्ज्याच्या हातातला खडू म्होरक्याच्या पाठीवर तसाच टेकलेला राहिला.

म्होरक्या अर्धा शिवलेला कोट अंगावर घेऊनच माझ्याकडे वळला. आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "मतलब देवळात आमच्याच समोर हे चालू होतं. आणि आम्ही प्रसाद घेऊन राहिलो." मग त्यानं विचारलं, "वाशीमला कोण गेला होता?"

मला आजही तो ओटा दिसतो. मशीनच्या पायाशी पडलेल्या चिंध्या, पाण्याचा माठ. माझ्याजवळ सांगायला कारण होतं. बहीण बाळंत झाली होती. नाक्यावर तेच सांगून मी सुटलो होतो. ते सांगितलं असतं तर कदाचित चार थपडांवर भागलं असतं. हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळत होतं की तो माझ्याकडे बघतो आहे आणि त्यानं दुसरीकडे बघावं.

मी म्हणालो, "त्योच गेला असंल. त्याचं गावोगाव जाणं असतंय."

दर्ज्यानं माझ्याकडे बघितलं. मी वाशीमला जाऊन आलो हे त्याला माहीत होतं. बहिणीच्या मुलीसाठी झबलं त्यानंच शिवून दिलं होतं. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्यानं त्या एकेक करून काढल्या, उशीत खोचल्या, आणि पुन्हा कोटाकडे वळला. माझं नाव त्यानं घेतलं असतं तर मी मेलो असतो, असं मला तेव्हा वाटलं, आणि त्यानं घेतलं नाही म्हणून मनातल्या मनात मी त्याचे आभार मानले. इतका मी खाली गेलो होतो.

मी घरी जायच्या निमित्तानं उठलो. पेटीवाल्याच्या गल्लीवरूनच माझी वाट होती. मी दुसऱ्या गल्लीनं गेलो. अजून वेळ होता. धावत जाऊन त्याला सांगितलं असतं तर कयाधू नदी उतरून तो कुठंतरी गेला असता. मी घरी जाऊन आतल्या खोलीत बसलो आणि आईला म्हणालो, डोकं दुखतंय, कुणी आलं तर मी नाही म्हण.

त्याला घरातून नेलं. पेटीही नेली. दिवेलागणीला त्याची बायको आमच्या दाराशी आली. तिला वाटलं, मी शिकलेला, दुकानात चार मोठ्या माणसांत बसणारा, मी काहीतरी करीन. आईनं तिला सांगितलं की मी नाही. मी आतून तिचा आवाज ऐकत होतो. ती रडत नव्हती. एवढंच म्हणत होती की तो तर कुठं गेलाच नाही, वाशीम त्यानं कधी बघितलंही नाही, भाऊजींना तरी हे ठाऊक आहे, ते आले की सांगा.

करायचं ते दर्ज्यानं केलं. म्होरक्याच्या लोकांचं काहीतरी संचलन ठरलं होतं, त्याचे सगळे कपडे शिवून तयार होते. ते त्यानं घरी नेऊन कुलपात ठेवले आणि म्होरक्याला जाऊन सांगितलं की माणूस घरी आला की कपडे घेऊन जा. असं बोलायला त्या दिवसांत काय काळीज लागत होतं ते ज्यानं तो काळ बघितला त्यालाच कळेल. त्याला शिव्या मिळाल्या, एक लाथ मिळाली. पण संचलन त्यांना हवंच होतं. अखेर एका सकाळी पेटीवाला परत आला. दर्जीच त्याला बैलगाडीत घालून घेऊन आला.

डावा हात मनगटातून मोडलेला होता. हाडवैद्यानं बांधला, पण तो वाकडाच बसला. पेटीचा भाता फाडून टाकला होता.

मी भेटायला गेलो. न जाऊन चाललं नसतं. बायका-माणसं जमली होती. त्यानं माझ्याकडे बघितलं, बस म्हणाला, आणि चहा ठेवायला सांगितला. काही विचारलं नाही. त्याच्या बायकोकडे मी वर मान करून बघितलं नाही.

आत काय झालं ते मला दर्ज्यानं सांगितलं, मशीन चालवता चालवता. त्याला म्होरक्यानं गाण्याचे खरे शब्द म्हणून दाखवले. तेव्हा तो म्हणाला की हे मला माहीत नव्हतं. त्यावर त्याला मारलं. मग म्होरक्या म्हणाला की तुझा दोस्तच सांगतो, वाशीमला तू गेला होतास. त्यावर तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, व्हय, मीच गेलतो.

"तुजं नाव घेतलं असतं तर त्याचा हात वाचला असता," दर्जी म्हणाला. "त्याला समदं कळलं व्हतं, मियाँ. तरी न्हाई घेतलं." आणि त्यानं पुन्हा मशीनवर पाय ठेवला.

पावसाळा संपता संपता हिंदुस्थानची फौज आली आणि काही दिवसांत सगळं फिरलं. खाकी कपडे लोकांनी विहिरीत टाकले, चुलीत घातले. म्होरक्या कुठं गेला ते कधी कळलं नाही. आणि मग दुसऱ्या माणसांची घाबरायची पाळी आली. मशिदीच्या गल्लीत दिवे लागेनासे झाले. ज्यांनी कधी खाकी घातली नव्हती त्यांच्याही दारांवर धोंडे पडले. आमचा दर्जी तर खाकी शिवणारा. त्यानं कुणासाठी काय केलं होतं ते सांगायला मी आणि पेटीवाला घरोघर गेलो. काहींनी ऐकलं, काहींनी नाही. शेवटी तो हैदराबादला मेहुण्याकडे निघाला. स्टेशनावर बैलगाडीतून मशीन उतरवायला मी हात लावला. गाडी यायच्या आधी तो म्हणाला, "त्याला एकदा सांगून टाक. त्याला कळलंय म्हनून सांगू नको असं न्हाई." मी म्हणालो, सांगतो. तो पुन्हा हिंगोलीला आला नाही.

पेटी उजव्या हातानं वाजते, पण डाव्या हातानं भाता मारावा लागतो. नवा भाता बसवला तरी तो मारायला त्याच्याकडे हात नव्हता. तो मी मारू लागलो. एकादशीला, सप्ताहाला, लग्नाला, तो पेटीपुढं बसायचा आणि मी पेटीच्या मागं. पुढं कित्येक वर्षं. आम्ही दोघं मिळून एक पेटी वाजवतो याचं लोकांना मोठं अप्रूप. गावोगावचे लोक माझ्याकडे बोट दाखवून आपल्या पोरांना म्हणायचे, मित्र असा असावा. एका गावात त्याबद्दल नारळ देऊन माझा सत्कार केला. मी तो घेतला. पेटीवाला शेजारी बसून होता आणि गालातल्या गालात हसत होता. त्या हसण्याचा अर्थ मी आजवर लावत आलो आहे. त्यात टोचणारं काही नव्हतं, हेच मला सहन झालं नाही.

दर वेळी वाटायचं, आज वाटेत बोलू. बैलगाडीत दोघंच असायचो, पुढं मोटारीत शेजारी शेजारी. तो सिनेमावर बोलायचा. सिनेमे आता त्याला आवडत होते, मला आवडेनासे झाले होते. तो विचारायचा, तू का नाही येत थेटरात? मी म्हणायचो, डोळे दुखतात. खरं हे की अंधार झाला आणि गाणं लागलं की मला म्होरक्याचा प्रश्न ऐकू यायचा. वय झालं तरी ती भीती गेली नाही. फक्त आधी मला खाकीवाल्यांची भीती वाटायची, मग या माणसाची वाटू लागली, ज्यानं मला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नाही.

शेवटी तो सेनगावला मुलाकडे राहायला गेला आणि आजारी पडला. मी भेटायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच होतो. सुनेनं चहा ठेवला आणि ती बाहेर गेली. त्यानं माझा हात धरून ठेवला होता. म्हणाला, "तुजी बोटं गार पडलीत. कशाला भ्याला?" माझं तोंड उघडलं. मी म्हणालो, औषध वेळेवर घेत जा. मग बराच वेळ त्याच्या नातवाच्या नोकरीबद्दल बोललो आणि शेवटची यष्टी चुकेल म्हणून निघालो. यष्टी चुकणार नव्हती. फाट्यावर मी कितीतरी वेळ उभा होतो, आणि तेवढ्या वेळात दोनदा परत जाऊन येता आलं असतं.

पंधरवड्यात तो गेला. त्याच्या दाराशी, बैलगाडीत, पेटीच्या मागं, त्या खाटेशेजारी मला जे म्हणायचं होतं ते फार नव्हतं. इतकंच होतं: दोस्ता, वाशीमला मी गेलतो. ते गाणं प्रेमाचं नव्हतं. तुजं नाव मी घेतलं, आणि घेतल्यावर तुला सांगायलाही आलो न्हाई. तुज्या हाताला मी कारण हाये. मला माफ कर.